खोका कुरकुरतो तेव्हा

मोरगिरीच्या वर, पठाराच्या कडेला
आमचं दोन खोल्यांचं भूकंपमापन केंद्र.
खडकात पुरलेलं यंत्र, पत्र्याखाली संगणक,
आणि छपरावर आभाळाकडे तोंड करून बसलेली
वाटीएवढी अँटेना.
काम एकच : जमीन केव्हा हलली ते लिहायचं.
किती हलली, ते नंतरचं.

आणि केव्हा, हेच चुकत होतं.
पौषात पहिल्यांदा दिसलं,
संगणकाचं घड्याळ उपग्रहाच्या मागे
चाळीस मिलिसेकंद. मग दोनशे. मग नऊशे.
दुपारी शहाण्यासारखं वागायचं,
रात्री कुठेतरी रेंगाळायचं.

"नऊशे म्हंजी किती वो?" बाळकू झोरेंनी विचारलं.
ते आमचे रात्रीचे राखणदार.
म्हटलं, तेवढ्यात हादरा पाच किलोमीटर जातो.
म्हणजे आपल्या पायाखालचा धक्का
आपण कागदावर भलत्याच गावाखाली नेऊन ठेवतो.
"मंग त्या गावाला कळवाय नगं?"

आधी संशय वानरांवर.
अँटेनाची वायर ओढली असणार. नव्हती ओढली.
मग बोर्डावरच्या सेलवर,
पाटणच्या घड्याळवाल्याकडून नवा आणला, तीस रुपये.
मग थंडीवर. मग विजेवर.
कराडहून नसीमा मुलाणी फोनवर म्हणाली,
"सगळं एकदम बदलू नकोस. एकेक बदल, आणि लिही."
वहीत चौदा ओळी झाल्या. चौदाही खोडलेल्या.

पंधराव्या रात्री मी पडद्यासमोर,
बाळकू दाराशी, घोंगडीत, डोळे मिटून.
मध्येच म्हणाले, "आता वाढंल बगा आकडा."
वाढला.
जरा वेळानं, "थांबंल आता."
थांबला.
"न बघता कसं कळतंय?"
"खोका कुरकुरतुय की.
मेंढरू दुखण्यात असलं की रातीला आसंच दात खातंय."

कुरकुर म्हणजे डिस्क.
रात्री दर तासाला ती नोंदींची नक्कल उतरवते.
तिची चपटी केबल झाकणात चिमटली होती,
म्हणून संगणकानं, कुणाला न सांगता,
जुनी संथ रीत धरलेली :
प्रत्येक अक्षर प्रोसेसरनं स्वतः उचलायचं,
स्वतः नेऊन ठेवायचं.
हात असे गुंतलेले असताना
सेकंदाला हजारदा येणारा टिक
दार वाजवायचा,
आतून ओ आली नाही की विरून जायचा.
पुढचा यायचा, तोच पहिला धरला जायचा.
घड्याळ संथ नव्हतंच.
त्याला हाका पोचत नव्हत्या.

मग पुढचा हिशोब केला आणि थंडीत घाम फुटला :
जमीन हलते तेव्हाच नोंदींचा लोंढा,
तेव्हाच डिस्कला श्वास नाही,
म्हणजे ज्या क्षणासाठी हे सगळं मांडलंय
नेमका तोच आम्ही सांडत होतो.

केबल बदलली. एकशे दहा रुपये.
साठलेला उशीर मात्र झटक्यात पुसला नाही.
घड्याळाला उडी मारायला लावली
तर उडीखालचा काळ कुठल्या ओळीत लिहायचा?
प्रत्येक सेकंदातून अर्धा मिलिसेकंद कापत
अर्ध्या तासानं ते उपग्रहाला येऊन मिळालं.
बाळकू हिशोब करत होते.
"म्हंजी येवढ्या येळात आपून जरा लवकर म्हातारं झालो?"

राहिले पौषापासूनचे सदतीस हादरे.
प्रत्येकापुढे लाल शाईनं लिहीत गेलो : वेळ शंकास्पद.
एकोणिसाव्याला बाळकूंनी हात धरला.
"ह्यो मला ठावं हाय. मुक्कामाची यष्टी
वळणावर आली, हॉर्न वाजला,
आन लगेच मांडणीवरली भांडी."

खोडलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात
निळ्या शाईनं लिहिलं :
हॉर्ननंतर लगेच.