पत्राखालचं नाव

ब्रिन म्हणते, आधी हे ठरवा:
तुमचं नाव ऐकल्यावर लोकांच्या मनात
पहिला शब्द कोणता यावा?
माझ्या मुलीच्या वयाची ब्रिन, कंपनीनं पाठवलेली.
फळ्यावर तिनं निळ्या मार्करनं लिहिलं
ग्रासिएला उर्किडेस
आणि खाली तीन रिकाम्या ओळी आखल्या.

मी म्हटलं, लोकांनाच विचार की.
मेसाच्या पूर्वेला, रस्ता जिथं डोंगराकडे बघत संपतो,
तिथं तीनशे बारा घरं आहेत
आणि घरटी निदान एक पत्र
माझ्या सहीचं.

कचऱ्याचा डबा मंगळवारी रात्रीपर्यंत रस्त्यावर.
गॅरेजच्या दाराचा रंग मान्य यादीत नाही.
अंगणातले खडे बदललेले आढळले.
इथं गवत जगत नाही, खडे पसरतात दारापुढं,
आणि खड्यांनाही मान्य रंग तीनच.
चौदा दिवसांत दुरुस्ती करावी.
आपली विश्वासू.

तेव्हा माझ्या नावानं खडे फोडणं
हा इथं नुसता वाक्प्रचार नाही.
एकदा गाडीच्या टपावर ओंजळभर सापडले.
तांबूस.
यादीतलेच.

मग फोटो.
हनुवटी खाली, खांदे सैल,
विश्वास वाटेल असं हसा, फोटोवाला म्हणाला.
मी हसले. खिशात फोन थरथरला:
तलावाचा पंप फार आवाज करतो.
दुसऱ्यांदा हसले तेव्हा:
पंप बंद का केला?
तिसरा फोटो ब्रिनला आवडला.
त्यात मी हसत नाहीये, वाट बघतेय.

नाव कमवायचं म्हणजे काय, मला खरंच कळत नाही.
सात वर्षं भांडून छपरांसाठी पैसे बाजूला ठेवायला लावले,
पाच जणांच्या समितीत दर वेळी तीन विरुद्ध दोन.
न गळलेल्या छपराकडे मान वर करून
कोण बघतं?
नावं ठेवायला मात्र सगळ्यांना जागा सापडते.

व्हर्नन हॉगलंडला मी सात पत्रं पाठवली.
त्याच्या बायकोनं मिनेसोटाहून, मोठ्या तळ्याच्या काठचे,
काळे गुळगुळीत दगड आणून दाराशी ओतले होते,
दरवर्षी गाडीच्या डिकीतून थोडे थोडे.
ती गेल्यावरही तो त्यांच्यावर
झारीनं पाणी घालायचा.
ओले झाले की त्यांचा रंग आणखीच नियमाबाहेर जायचा.

मार्चमध्ये तोही गेला.
मुलगा डुलुथहून आला, किल्ली द्यायला मला घरी बोलावलं.
स्वयंपाकघरातला खण ओढला तर माझी सातही पत्रं.
म्हटलं, आता हा काहीतरी बोलणार.
त्यानं ती उलटी केली.
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं
रक्तदाबाचे आकडे, अंडी, बल्ब, टपालाची तिकिटं,
कुणाचा तरी वाढदिवस, खोडलेला.
आणि पाचव्या पत्रामागं, जाड अक्षरात:
ग्रासिएला. रात्रीपण उचलते.
खाली माझा नंबर.

तेव्हा आठवलं. पाण्याचा हीटर फुटला होता.
पहाटे दोनला मी सपाता घालूनच गेले,
मोठा व्हॉल्व्ह बंद केला,
तो टॉवेल धरून उभा. तिथून घरी गेले, झोपले.
सकाळी सहावं पत्र टाकलं.

हे ब्रिनला सांगितलं नाही.
तिनं तीन ओळी भरल्या आहेत:
तत्पर, पारदर्शक, उत्साही.
कार्डं छापून आली, कागद चांगला जाड आहे,
मागची बाजू कोरी.
मी म्हटलं, तेवढी कोरीच असू दे.

काळे दगड अजून तिथंच आहेत.
नवी मालकीण टक्सनची, अजून खोकी उघडते आहे.
मी परवा जाता जाता काच खाली केली, गाडी थांबवली नाही.
पत्र सोमवारी जायला हवं.
आज शुक्रवार.
मजकूर तयार आहे, नावही खाली आहे,
फक्त तारीख घालायची राहिलीय.