दीड मिनिट

क्लेटनचा ट्रक आमच्या गल्लीत मावत नाही.
लाकडाच्या बंद गिरणीच्या आवारात तो उभा करतो,
जिथं मर्लनं एकतीस वर्षं फळ्या कापल्या
आणि डाव्या हाताची करंगळी ठेवून आला.
तिथून चालत घरापर्यंत सहा मिनिटं.
परत सहा.
याकिमाची सफरचंदं पहाटेपर्यंत सॅक्रामेंटोला पोचायला हवीत.
चाळिसातून बारा गेले,
माझ्या वाट्याला अठ्ठावीस.

मर्ल असता तर म्हणाला असता, एवढ्यात काय होतंय?
त्याचं ब्रिस्केट चौदा तास चालायचं.
रात्री दोनला उठून तो ग्रिलच्या पेटीला कान लावायचा,
आतला स्क्रू गोळ्या पुढे ढकलतोय ना,
कुर्र... थांब... कुर्र...
जसं पाळण्यातल्या बाळाचा श्वास ऐकावा.

गोळ्या म्हणजे तरी काय,
दाबून दाबून घट्ट केलेला भुसा.
तोच, जो त्याच्या भुवयांत यायचा, बुटांत यायचा,
आमच्या चादरीत यायचा.
एकतीस वर्षं मी तो अंगणात झटकला.
आता वीस पौंडांची पिशवी
पैसे मोजून घरात आणते.

पहिल्यांदा मी त्याच्याच वाटेनं गेले.
आच मंद, झाकण बंद, खुर्ची ओढून बसले.
पट्टी राखाडी झाली, बुटाच्या जिभेसारखी.
क्लेटननं सगळी खाल्ली.
वर दोन ग्लास पाणी प्यायला.
बोलला काहीच नाही. बापावर गेलाय.

मग मांसाच्या काउंटरवरची ओफेलिया म्हणाली,
बाई, जाडाला धीर लागतो, पातळाला धीर सोसत नाही.
शेवटपर्यंत थंड ठेव.
शेंबड्या पोराचं तोंड पुसावं तशी कोरडी कर.
आधी लोखंड तापव,
मग मांसाला बोलाव.

म्हणून तो फाटक उघडतो तेव्हा
बिडाचा तवा जाळीवर वीस मिनिटं एकटाच तापत असतो.
आकडा पाचशेवर.
तळहात वर धरला तर
'एक' पुरतं म्हणून होत नाही.

परवा पट्टी टाकली, ती किंचाळली,
धूर माझ्या चष्म्यावर आला,
आणि मागून, पायरीवरून, तो म्हणाला,
आई, जोलीन गेली घर सोडून.

मी वळले नाही.
वळले असते तर करपली असती.
कडा तपकिरी होत होत्या, मधे ओल फुटत होती,
मी चिमटा धरून उभी.
केव्हा?
ईस्टरला.

ईस्टरपासून सात वेळा तो इथून गेला होता.
सात वेळा याच पायरीवर बसून खाल्लं होतं,
मी मीठ विचारलं, त्यानं पुरे म्हटलं होतं.

पट्टी उलटली.
आता दुसरी बाजू, तेवढीच.
इतका वेळ मला कधी लांब वाटला नाही,
मर्लच्या चौदा तासांतसुद्धा नाही.

मग फळीवर काढली, झाकली.
कापताना धाग्यांना आडवी सुरी घातली.
उभी कापली की चघळतच बसावं लागतं,
आडवी कापली की सुटते.
हे मी त्याला मांसाबद्दलच सांगत होते.
त्यानं मान हलवली.
उरलेला तुकडा त्यानं माझ्या ताटात ढकलला.
लहानपणी ढकलायचा तो घेवडा.

नऊ मिनिटं उरली होती तरी
तो लवकर उठला. पेटीतली दोन सफरचंदं
कठड्यावर ठेवून गेला, मालकाच्या हिशोबातली.

मी ग्रिल बंद केला.
बंद केला तरी तो लगेच बंद होत नाही,
आत राहिलेल्या गोळ्या जळून संपेपर्यंत
त्याचा पंखा फिरत राहतो.
खुर्ची ओढली.
गिरणीकडून ट्रकचा गिअर पडल्याचा आवाज आला,
मग महामार्गाचा,
मग फक्त पंख्याचा.