तिसरं नाव

थावरू लमाणी आमच्या वाड्यावर आला तेव्हा
त्याच्याकडे एक पहार होती, एक बायको,
आणि बायकोच्या पोटात सुगंता.
पहाटे चिरेखणीत उतरायचा, सांजेला वर यायचा
केसांपासून नखांपर्यंत तांबडा, आमच्याच मातीचा.
तेव्हा तो आम्हाला फार आवडायचा.
आई त्याला करवंटीतून चहा द्यायची,
मागल्या दारी, माडाच्या आळ्यापाशी,
आणि म्हणायची, गरीब आहे, पण प्रामाणिक.
त्या ‘पण’पाशी कोणी थांबलं नाही.
मीही नाही,
आणि डिचोलीच्या शाळेत एकतीस वर्षं मी व्याकरण शिकवलं.

माझ्या घराच्या भिंती त्याने काढलेल्या चिऱ्यांच्या.

मग त्याने कापायचं यंत्र घेतलं, हप्त्यावर.
मग ट्रक. मग दुसरा ट्रक, पाठीवर मुलीचं नाव.
मग माझ्या चुलतभावाचे पोर्तुगीज पासपोर्टचे कागद झाले,
त्याने कुळागर विकायला काढलं.
आम्हाला विचारलं, आम्ही मान हलवली.
थावरूने घेतलं.
गावात वाक्य फिरलं ते असं:
आमचं कुळागर लमाण्याने घेतलं.
विकणारा वाक्यातून कधी उठून गेला, कुणी पाहिलं नाही.

खणीत हंडा सापडला म्हणे.
छे, खाणी बंद पडल्या तेव्हाचं काहीतरी आहे.
छे, त्या भायल्यांच्यात एकी असते, एक दुसऱ्याला ओढून घेतो.
वामन शेट्ये, ज्याचं दुकान मटक्यात गेलं,
न्हाव्याच्या खुर्चीतून म्हणाला,
कष्ट करून इतकं होत नसतं.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
होत असतं, असं कोण म्हणणार?
पुढचा प्रश्न मग आमच्याच दारात येऊन बसला असता.

आपल्या माणसाची ती चिकाटी, त्याचा तो चिकटपणा.
हे माझं. मीच म्हटलं, तिथेच. लोक हसले.
घरी येताना हलकं वाटलं,
आणि रात्री सोप्यावर बसून मी त्याच्या खिडक्या मोजल्या.
सात उजेडाच्या.
माझ्या तीन, त्यातल्या एकीचा बल्ब गेलेला.

पंचायतीला अर्ज गेला: यंत्राच्या आवाजाचा त्रास होतो.
खोटं नव्हतं. आवाज होता.
नऊ वर्षं होता.
आम्हाला तो ऐकू आला
त्याचा दुसरा मजला चढल्यावर.
मजकूर माझा, एकही वेलांटी चुकलेली नाही.
सही तिसरी.

चवथीला चार दिवस होते, तेव्हा तो आला.
हातात सुपारीचं शिपटं, आमच्या माटोळीसाठी,
आमच्याच कुळागरातलं.
(बघा, ‘आमच्याच’. अजून.)
खिशातून कागद काढून म्हणाला,
मास्तर, पंचायतीने हे दिलंय, जरा वाचून दाखवा.

मी वाचलं. माझीच वाक्यं, माझ्याच आवाजात,
वर्गात वाचायचो तशी, स्वल्पविरामांवर थांबत.
मग नावं. वामन विठोबा शेट्ये.
सगुण बाबल गावस.
पुढे चौथं. पाचवं. अकरापर्यंत.

तो ऐकत राहिला.
चहा संपवला, कपातच दिलेला, हल्ली कपातच देतो.
तिसरं राहिलं, मास्तर, म्हणाला.
रागाने नाही. फळ्यावरची चूक
पहिल्या बाकावरची मुलगी दाखवते, तसं.
सुगंता रात्री शिकवते मला, अक्षरं लावायला येतात आता.
तिला तुम्हीच शिकवलंत ना, सातवीत?

मग उठला, कप घेऊन मागल्या दारी गेला,
नळाखाली विसळला, आळ्यापाशी पालथा घातला.
राहू दे, मी म्हणालो,
तो फाटकाबाहेर पडल्यावर.

माटोळी बांधताना बायकोने शिपटं हातात तोललं.
भरलेलं आहे, म्हणाली, कुणी दिलं?
मी स्टुलावर उभा होतो, तोंडात सुतळी.
आलं, म्हटलं.