जेवायलोय

वडगावात, गल्लीच्या टोकाला, खाली सहा माग,
वर माझा इंग्रजीचा वर्ग.
साडेसात ते नऊ. फी जमेल तशी.
मागांची धडधड भिंतीतून फळ्यात चढते,
खडू नुसता टेकवला तरी थरथरतो.
अक्षर वाकडं येतं, त्यात माझा दोष निम्माच.

सोमवारी चालू वर्तमानकाळ काढला.
म्हटलं, जे आत्ता होतंय, अजून संपलं नाही,
त्याच्या शेपटाला इंग लावा.
आधी ॲम, इज, आर, ज्याला जे मानवेल ते.
"पण इंग म्हंजे काय हो बाई?"
मष्णूनं विचारलं. उद्यमबागेत टर्नर आहे,
वहीच्या प्रत्येक पानावर त्याचा तेलकट अंगठा.
लेथवर जॉब फिरत असतो, तेव्हा काय म्हणतोस?
"फिरायलाय."
बघ, तुझं ते आयला, तेच इंग!
बोलून गेल्यावर कळलं काय बोलले.
मागचा बाक पाच मिनिटं हसायलाच होता.

पुण्याला डी.एड. करताना
माझं हेच आयला तांबड्या शाईनं खोडलं होतं.
'जेवायलेय' नाही, 'जेवते आहे'.
दोन वर्षं मेसच्या पाटावर मी जेवते आहे, जेवते आहे.
पोट भरायचं. मीठ मात्र कुठंतरी कमी.

गंगव्वा काजं-बटणं करते, घरी कन्नड.
ती म्हणाली, आमच्यात माडाकत्तीनी म्हणतात.
मग फळ्यावर एकाखाली एक लिहिलं:
ऊटा माडाकत्तीनी.
जेवायलोय.
आय ॲम ईटिंग.
तिन्ही ओळींत ताट अजून पुढ्यात,
हात उष्टा,
आणि कुणीतरी दारातून हाक मारतंय.

दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर, कुठली खाली,
हे चाललंय ते माझ्या जन्माआधीपासून.
त्याला निराळा काळ आहे. हॅज बीन.
तो दिवाळीनंतर घेऊ.

सगळ्या क्रियापदांना इंग सोसत नाही, हेही सांगितलं.
नो, लव्ह, वॉन्ट, बिलीव्ह.
आय ॲम नोइंग म्हणायचं नाही.
"का?"
नियम आहे.
"पण मला कळायलंय की, बाई. हळूहळू.
पुरतं कळलंय कुठं अजून?"
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी डस्टर शोधत बसले.

शुक्रवारी वाक्यं तपासली.
मष्णूच्या वहीत शेवटचं:
आय ॲम गोइंग टु मस्कत ऑन ट्वेंटी-थर्ड.
तेवीसला अजून अकरा दिवस.
मी गोइंग खोडलं. वर 'भविष्यकाळ!' असं लिहिलं.
लिहिताना हातात तांबडा पेन होता.

पायऱ्या उतरेपर्यंत आठवलं.
ठरलेलं असेल, तिकीट काढलेलं असेल,
तर पुढचं जाणंही चालू काळातच लिहितात.
पान एकशे बारा, तळटीप.
परत वर आले. तो एकटाच बसला होता.
वही मागून घेतली, खोडलेलं पुन्हा लिहिलं.
"बरोबर होतं तुझं."
"व्हय," तो म्हणाला. "बॅग घेतली परवा."

तेवढ्यात वीज गेली.
खालचे सहाही माग एका दमात थांबले
आणि कानांना काय करावं कळेना.
अंधारात मी फळ्याशी जाऊन एक रेघ ओढली.
खडू पहिल्यांदाच थरथरला नाही,
पण रेघ सरळ आली का, दिसत नव्हतं.

खालून त्याच्या आईचा आवाज आला.
ती तिथंच कांड्या भरते, आणि मागांवर ओरडायची सवय,
त्यामुळे शांततेतही ओरडलीच:
"मष्ण्याऽऽ, काय करायलास रं वर?"

तो जरा थांबला.
मला वाटलं, सांगेल आता.

"काय न्हाई गं आये,
लिवायलोय."