बाहेरून वाजणारी घंटा

दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी, भैरीच्या देवळात
एक घंटा आहे. तिला जन्मतः जीभ नव्हती.

हे मला आतेने सांगितलं, खाजणात कालवं काढताना,
गुडघाभर चिखलात उभी राहून:
"असाच चिखल होता बघ, चीनच्या किल्ल्याखाली.
गोंदनाकाचा एक बूट तिथेच राहिला."
आमच्या घरात ती लढाई एवढीच उरलीय:
ओहोटी, टोकदार बांबू, एक बूट.

बाकीचं मी शाळेच्या कपाटात शोधलं.
दोन हजार वर्षांमागे तिथल्या एका राजाने
सहा राज्यं जिंकली, सगळ्यांची शस्त्रं गोळा केली
आणि वितळवून घंटा ओतल्या. आता लढाई नको.
पंधरा वर्षांत राज्य बुडालं.
लोकांनी कुदळी घेतल्या, काठ्या घेतल्या.
उत्तरेकडून घोडे आले, घोड्यांसाठी भिंत आली,
भिंतीचा दरवाजा कुणीतरी आतूनच उघडला.
तोफेची दारू त्यांचीच. फिरून त्यांच्यावरच आली,
परक्यांच्या बोटींतून, आमच्या खांद्यांवरून.
गोंदनाक, हवालदार, मुंबई पलटण.
भत्ता वेगळा.

घंटा त्याने लुटली की विकत घेतली,
यावर आमच्यात अजून दोन पक्ष आहेत.
आते म्हणते, उचलली. जळत होतं सगळं,
कुणीतरी उचलणारच होतं.

पेन्शन घेऊन दापोलीहून आला तेव्हा
ती बैलगाडीत होती, पेंढ्यात गुंडाळलेली.
गावाने ठेवून घेतली.
गोमूत्राने धुतली, आमसुलाने घासली,
लोहाराकडून लोखंडी जीभ घालून टांगली.
गोंदनाक पायऱ्यांखाली, पिंपळापाशी.
तिथूनच म्हणाला म्हणे,
"आतून नका मारू. ती बाहेरून वाजते.
तिकडे लांब उभं राहून लाकडाने ठोकतात."
कुणीतरी हसलं.
गाडीचं भाडं त्याच्याच अंगावर पडलं.

बासष्टच्या कार्तिकात, भातं झोडून झाल्यावर,
त्याचा पणतू सुदाम बर्फात गेला. कापडी बुटांत.
तार आली: बेपत्ता.
पणजी दर सोमवारी पोस्टात जाई,
मास्तर तिला तोच शब्द पुन्हा वाचून दाखवी.
गावात ओरड झाली, शत्रूची घंटा, उतरवा.
गुरवाने तिच्या जिभेला गोणपाट बांधलं.
तेरा महिने भैरीची आरती मुकी.
आम्हाला काय. आम्ही देव सोडून सहा वर्षं झालेली.
पायऱ्या मोकळ्या झाल्या तेव्हा
चढायचं कारणच उरलं नव्हतं.

माझा मावसभाऊ सुगत बोटीवर ऑइलर आहे.
त्याने घंटेचा फोटो निंगबोच्या गोदीत
एका म्हाताऱ्या रंगाऱ्याला दाखवला.
आमसुलाने निम्मी अक्षरं खाल्लेली.
लागलं ते असं: वजन.
एका भिक्खूचं अर्धं नाव.
आणि, ज्याच्या कानी हा नाद पडेल त्याचं...
पुढे गुळगुळीत.

मी आतेला सांगितलं, अगं, मठातली, बुद्धाची.
ती कालवं फोडत राहिली.
"मग तेव्हाच सांगायचं ना त्याने," म्हणाली,
जसा काही तो आत्ताच बाजारात गेलाय.

गेल्या जूनच्या वादळात
चीनच्या दहा मच्छीमार बोटी आसऱ्याला खाडीबाहेर थांबल्या.
कोस्टगार्डचं एक जहाज पहाऱ्याला.
वाडीभर फोन: हेर आहेत, लढाई होणार, डिझेल भरून ठेवा.
रात्री वीज गेली.
मी वल्हं घेऊन देवळाशी गेले.
पायऱ्या चढले नाही.
सभामंडपाच्या कठड्याबाहेर चिखलात पाय रोवले
आणि लांबून, लाकडाने, एकदा.

जिभेच्या आवाजाहून कितीतरी खालचा सूर,
पोटात आधी लागला, कानात मग.

समुद्रावर दहा दिवे.
त्यातला एकही हलला नाही,
किंवा सगळेच हलत होते, लाटांवर.