शायर

आपल्याकडे शायर म्हणजे कविता करणारा.
तिकडे, ऑस्ट्रेलियात, गव्हाच्या सपाट मुलखात
शायर म्हणजे सात गावं, चारशे मैल कच्चा रस्ता
आणि पत्र्याच्या छपराखाली एक लोखंडी कपाट.

येरम्बीन शायरचं कपाट उघडलं
तर आधी उंदरांच्या लेंड्या,
मग इतिवृत्ताच्या एकोणतीस वह्या.

पहिल्या वहीत नऊ माणसं बसलीत
पबामागच्या खोलीत, कारण दुसरी खोलीच नव्हती.
ठराव पहिला: ओढ्यावर पूल बांधावा.
ठराव दुसरा: कुणाच्या शेतापाशी? चर्चा तहकूब.
(तहकुबी अकरा वर्षं चालली.)
ठराव तिसरा: पाणथळीजवळची मूळच्या लोकांची वस्ती
हलवावी, गुरं बुजतात.
सूचक, अनुमोदक, एकमत. दीड ओळ.

येरम्बीन हा शब्द त्यांचाच.
त्याचा अर्थ कुणी विचारला, अशी नोंद नाही.

पुढे कचेरी कुठल्या गावात, यावरून जुंपली.
डन्स्टनच्या लोकांनी एका रात्री
सगळ्या वह्या हातगाडीवर घालून पळवल्या;
म्हणून सातव्या वहीला चिखल आहे
आणि आठवीपासून अक्षर बदलतं.

सशांचे कान: जोडीला एक पेनी.
१९०६च्या एका आठवड्यात चार हजार जोड्या
कारकुनाने मोजल्या, मागच्या अंगणात ढीग लावला.
वर्षाने कळलं, जाळायच्या आधी पोरं
कुंपणातून हात घालून
तेच कान पुन्हा पुढच्या दाराने विकत होती.
समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: हुशार आहेत.

त्यातली काही नावं दुसऱ्या यादीत सापडतात,
युद्धानंतरच्या, दगडावर कोरायच्या,
दर अक्षरामागे दोन पेन्स.
पाथरवटाने पूर्ण नावांऐवजी आद्याक्षरं सुचवली.
सूचना फेटाळली.
शायरने काटकसर नाकारली, अशी ही एकच वेळ.

चौऱ्याण्णव साली राजधानीतून पत्र आलं.
पाच शायर मिळून एक परिषद,
तिला नाव एका नदीचं, जी इथून वाहतच नाही.
शेवटच्या सभेत डल्सी ट्रेगेन्झाने विचारलं
(कारकून, बत्तीस वर्षं),
शिक्क्याचं काय करायचं?
कुणाला सांगता येईना. चहा झाला.
उरलेला लिंबाचा केक तिने फडक्यात बांधला
आणि त्याच फडक्यात शिक्काही.
हे वहीत नाही, तिनेच सांगितलं;
शिक्का दाखवलाही, स्वयंपाकघराच्या दाराशी,
वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ठेवलेला.

क्लॅरी नोस्के अजून ग्रेडर चालवतो.
पगार नव्या परिषदेचा, रस्ता आता सलग,
पण गंजक्या खांबापाशी, जिथे जुनी हद्द संपायची,
त्याचा हात आपसूक पातं उचलतो,
पाच-सहा पावलांवर पुन्हा टेकवतो.
साहेबांनी दोनदा लेखी खुलासा मागितला.
"विसरतो," म्हणाला.

मध्ये उरतो मातीचा वीतभर वरंबा.
नकाशात नाही.
रात्री गाडी तिथे दणकते,
मागच्या सीटवरचं पोर जागं होऊन विचारतं,
काय झालं?
"येरम्बीन संपलं," आई म्हणते,
गिअर बदलत. "झोप."