पाचवी सुई

कोट्काच्या बंदरात बर्फ धरलाय.
न्हाणीघरात टाउनो वाळू धुतोय.
अकरावी बादली,
तरी पाणी ताकासारखं.

टाकीत खाली काळी माती, वर तीन बोटं वाळू.
रोपं चिमट्यानं खोचली तरी
पहिल्या रात्री निम्मी सुटून तरंगतात.
तो पुन्हा खोचतो. घाई कुणाला आहे?

वाळू घट्ट बसली की खाली कुजतं,
म्हणून दर रविवारी टोचायची.
आयलाच्या अर्ध्या मोज्यातली
पाचवी, मोकळी सुई तेवढी त्यानं काढून घेतली;
चारांवरचे टाके हलू दिले नाहीत.

बुडबुडा वर येतो, सडक्या अंड्याचा वास.
मासे बाजूला होतात,
मग मिशा खुपसून पुन्हा वाळू चाळतात.

मार्चमध्ये
एक पांढरं मूळ काचेला येऊन टेकलं.
त्यानं सुई पुसून मोज्याजवळ नेली.

टाच कशी वळवतात
ते विचारून ठेवायला हवं होतं.